औषधात न धरलेली गोळी

"आणखी काही गोळ्या चालू आहेत?"

"नाही."

अण्णांनी हे 'नाही' खाटेच्या कडेवर बसून, दोन्ही हातांनी ओटीपोट दाबून धरत सांगितलं. रात्रीचा दीड वाजला होता. संध्याकाळी सातपासून त्यांना लघवी झाली नव्हती. लागत होती, जाऊन उभे राहत होते, पण थेंबही येत नव्हता. ड्यूटीवरचा डॉक्टर अगदी पोरगेलासा होता. त्यानं बीपीची गोळी लिहून घेतली, प्रोस्टेटची लिहून घेतली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी माझ्याकडे बघून. मीही मान हलवली. "एवढंच."

नळी घालायच्या आधी सिस्टरनं अण्णांचा सदरा काढून माझ्या हातात दिला आणि खिशातून एक पट्टी खाली पडली. दहा गोळ्यांची, त्यातली सहा घरं रिकामी. डॉक्टरनं ती उचलली, मागची बाजू दिव्याकडे धरली आणि ती मुंगीएवढी अक्षरं वाचली.

"ही कधीपासून?"

"ती होय? ती सर्दीची साधी गोळी आहे," अण्णा म्हणाले.

नळीतून साडेआठशे मिलीलीटर लघवी निघाली. पिशवी भरत असताना अण्णांनी डोळे मिटले आणि "पांडुरंग, पांडुरंग" म्हणाले. मी पट्टी हातात घेऊन उभी होते. डॉक्टरनं समजावून सांगितलं ते फार सोपं होतं, इतकं सोपं की मला आधी का कळलं नाही याचाच राग आला. त्या एका गोळीत तीन औषधं होती. एक पॅरासिटामॉल, तापासाठी. दुसरं फिनाइलेफ्रिन, जे चोंदलेल्या नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतं, आणि आवळण्याची तीच सवय मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या स्नायूवरही दाखवतं. तिसरं क्लोरफेनिरामिन, म्हणजे ॲलर्जीचं जुनं औषध. ते नाक सुकवतं, तोंड सुकवतं आणि मूत्राशय पिळून रिकामं करणाऱ्या स्नायूला सुस्त करतं. म्हणजे दार घट्ट आणि ढकलणारा झोपलेला. त्यात पंच्याहत्तरीचं प्रोस्टेट आधीच वाटेत बसलेलं.

"आणखी काही?" त्यानं तिसऱ्यांदा विचारलं.

तेव्हा मला आठवलं. सर्दीच्या त्या चार दिवसांत रोज रात्री झोपताना अण्णांना मी माझी ॲलर्जीची गोळी, सेट्रिझिन, देत होते. 'नाक गळतंय ना, घ्या अर्धी-एक, झोपही लागेल.' ती पट्टी माझ्या पर्समध्ये, चष्म्याच्या केसमध्ये होती. तिथे ती वीस वर्षं असायची.

सेट्रिझिननं असं होणं तसं फार क्वचितचं, हे डॉक्टरनंच सांगितलं. मुख्य आरोपी ती सर्दीची गोळी. पण एकाच जातीची दोन औषधं एका माणसाच्या पोटात जात होती आणि दोन्ही आम्हाला औषधं वाटत नव्हती, एवढं मात्र खरं.

मी जन्मापासून शिंकणारी. सकाळी उठल्यावर सात, कमी नाही, जास्त झाल्या तर चौदा. आई स्वयंपाकघरातून मोजायची. आमच्या घरात निघताना कुणी शिंकलं की दोन मिनिटं बसून पाणी पिऊन मग बाहेर पडायची पद्धत होती, त्यामुळे माझ्या लहानपणी घरातून वेळेवर कुणीच निघालेलं नाही. आजोबांची एक पॅसेंजर माझ्या चौथ्या शिंकेमुळे चुकली असं ते मरेपर्यंत सांगत. डोळे खाजायचे, टाळूच्या आतून खाजायचं, आणि ते खाजवायला जिभेनं जो 'ख्रॉक' आवाज काढावा लागतो त्यावरून शाळेत मला नाव पडलं होतं. ते इथे लिहीत नाही.

पुण्यात राहणाऱ्या माणसाला शिंकांचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. पाऊस ओसरला की रिकाम्या प्लॉटवर, नदीकाठी, रेल्वेच्या कडेला गाजर गवताची पांढरी फुली हातभर वर येते. अमेरिकेतून पीएल-४८० या धान्यमदतीच्या करारातल्या गव्हाबरोबर हे बी आलं असं सगळे मानतात. भारतात ते पसरल्याची पहिली नोंद पुण्यातली, १९५६ सालची. काँग्रेस गवत, चटक चांदणी अशी नावं त्याला लोकांनी मागाहून चिकटवली. पुण्यानं देशाला जे जे दिलं त्याच्या याद्या निघतात तेव्हा हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

या गवतानं मला एक गोष्ट फार उशिरा शिकवली. आमच्या सोसायटीच्या माळीकाकांची मान, पापण्या आणि कोपराच्या आतली बाजू दर पावसाळ्यानंतर काळी पडायची आणि पुढे पुढे तर मानेची कातडी जुन्या चपलेच्या पट्ट्यासारखी जाड झाली. मी त्यांना माझ्या पट्टीतल्या गोळ्या काढून द्यायचे. ते घ्यायचे. एकदा म्हणाले, "ताई, गोळीनं मला झोप लागती, खाज जागीच ऱ्हाती." मला वाटलं, कमी पडत असेल, दोन घ्या. पुढे त्वचेच्या डॉक्टरांकडून कळलं की माझी ॲलर्जी आणि त्यांची ॲलर्जी यांत गवत सोडलं तर काहीच सारखं नाही. माझ्या नाकात पराग शिरतात आणि मिनिटा-दोन मिनिटांत तिथल्या पेशी हिस्टामिन नावाचा पदार्थ सांडतात. शिंका, पाणी, खाज हा सगळा त्या हिस्टामिनचा खेळ, म्हणून त्याला अडवणारी गोळी मला लागू पडते. माळीकाकांच्या कातडीला गवत घासलं की एक-दोन दिवसांनी वेगळ्याच पेशींची फौज येऊन बसते. तिथे हिस्टामिनचा हात फार थोडा. त्यांना हवं होतं ते मलम, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, आणि खरं तर दुसरं काम. मी वर्षानुवर्षं त्यांना झोप वाटत होते.

आजोळी, देवरुखला, अंगावर पित्त उठलं की आजी आमसुलं पाण्यात कुस्करायची आणि ते लालजांभळं पाणी आमच्या पाठीवर चोळायची. चोळताना मोजायची नाही, पण बोलायची खूप: काल मासे कोणी खाल्ले, वर ताक कोणी प्यायलं, उन्हातून येऊन आंघोळ कोणी केली. गांधी मोठ्या, फुगीर, कडेला लाल नि मधे पांढरट, नकाशातल्या बेटांसारख्या सरकत जायच्या. तासाभरात उतरायच्या. आमसुलाला श्रेय मिळायचं. आता मला माहीत आहे की गांधी कुठलीही एक घेतली तर ती बहुधा चोवीस तासांच्या आत आपण होऊनच विरते, आणि विरताना शेवटी जे लावलं त्याच्या खात्यावर जमा होते. गार पाण्यानं खाज शमते एवढं खरं. बाकी त्या आजीच्या हाताला श्रेय द्यायला माझी काही हरकत नाही.

पण गंमत शब्दाची आहे. आजी अंगावर उठलेल्यालाही 'पित्त' म्हणायची आणि सकाळी आंबट ओकणाऱ्या मामालाही 'पित्त झालंय' म्हणायची. आपण सगळेच म्हणतो. औषधांच्या दुकानात 'पित्ताची गोळी द्या' म्हटलं की आमचा दुकानदार न चुकता विचारतो, "पोटातल्या का अंगावरच्या?" विज्ञानाच्या बाजूनं पाहिलं तर दोन्हीच्या मागे एकच पदार्थ निघतो. हिस्टामिन. हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी १९१० साली त्याचे शरीरावरचे परिणाम दाखवले. त्वचेत ते रक्तवाहिन्या सैल करतं, पाणी बाहेर झिरपतं, गांधी उठते. जठरात तेच हिस्टामिन आम्ल सोडायला लावतं. पेशींवर ते जिथे चिकटतं त्या जागा मात्र वेगळ्या, त्वचेतली एच-१ आणि जठरातली एच-२, म्हणून सेट्रिझिननं छातीतली जळजळ थांबत नाही. जठरातली जागा अडवणारी औषधं जेम्स ब्लॅक यांनी १९७०च्या दशकात आणली. रॅनिटिडिन, फॅमोटिडिन ही त्याच कुळातली. अंगावरचं पित्त हटत नसेल तर डॉक्टर कधी कधी ही पोटातली गोळीही जोडीला देतात. याला मी आयुर्वेदाचा विजय वगैरे म्हणणार नाही. आजीला रेणू दिसत नव्हता, आणि तिच्या 'पित्त' या पिशवीत डोकेदुखी आणि शेजारणीचा स्वभावही जायचा. पण एका शब्दाखाली तिनं ठेवलेल्या दोन गोष्टी प्रयोगशाळेतही एकाच पदार्थाखाली सापडाव्यात, याचं मला अजून हसू येतं आणि बरंही वाटतं.

त्याच अंगणात मी पहिल्यांदा 'अविल' हा शब्द ऐकला. मामाच्या देवघरातल्या फळीवर, उदबत्तीच्या पुड्याशेजारी, अविलची पट्टी असायची. विंचू, गांधीलमाशी, कोळंबी, खाजकुयली, पाहुण्यांच्या घरची गादी, काहीही लागलं-चावलं-बाधलं की अर्धी अविल. मामी ती घेऊन दुपारी अशी झोपायची की दिवेलागणीला तिला हलवून उठवावं लागे, आणि उठल्यावर ती जीभ टाळ्याला चिकटल्यासारखी बोलायची. आम्हा मुलांना वाटे, मोठ्यांना पित्त उठलं की झोप येते. गोळीमुळे येते हे कुणी सांगितलंच नाही. कदाचित कुणाला वेगळं वाटतच नव्हतं.

या झोपेचं मूळ मी पुढे वाचलं. हिस्टामिनला अडवणारा पहिला पदार्थ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनियल बोव्हे यांना १९३७ साली सापडला. तो माणसांना देण्याजोगा नव्हता, पण वाट सापडली आणि १९४०च्या दशकात डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन अशी औषधं भराभर आली. बोव्हे यांना १९५७ साली नोबेल मिळालं. या सगळ्या पहिल्या फळीतल्या गोळ्या, अविलही त्यातलीच, रक्तातून मेंदूत बिनदिक्कत शिरतात. आणि मेंदूत हिस्टामिनचं काम अगदी वेगळं आहे: ते माणसाला जागं ठेवतं. नाकातल्या हिस्टामिनला गप्प करायला गेलेली गोळी वर जाऊन जागेपणाचाही दिवा घालवते. प्रोमेथाझिनसारख्या औषधांची ही गुंगी पाहूनच शोध पुढे सरकला आणि १९५० साली क्लोरप्रोमाझिन तयार झालं, मनोविकारांचं पहिलं मोठं औषध. सर्दीच्या गोळीच्या भावकीत वेड्यांच्या इस्पितळाचे दरवाजे उघडणारं औषध निघावं, हे मामीला सांगितलं असतं तर तिनं दुसरी अर्धी घेतली नसती.

सेट्रिझिनचा जन्म आणखी मजेशीर. हायड्रॉक्सिझिन नावाची एक झोपाळू गोळी १९५०च्या दशकापासून होतीच. खाजेवर आणि चिंतेवर ती आजही देतात. ती पोटात गेल्यावर यकृत तिची मोडतोड करून जे बनवतं तेच सेट्रिझिन. बेल्जियमच्या यूसीबी कंपनीनं विचार केला की शरीर शेवटी हेच बनवतंय तर आपणच आधी बनवून देऊ. या रेणूला मेंदूच्या दारातून आत शिरणं अवघड जातं, म्हणून गुंगी कमी. १९८०च्या दशकात ती युरोपात आली, पुढे आपल्याकडे, आणि मग ती इतकी झाली की नाव विचारायचीही गरज उरली नाही. 'सर्दीची पांढरी छोटी गोळी' म्हटलं की काउंटरवर तीच येते.

गुंगी कमी म्हणजे नाही असं मात्र नव्हे. अमेरिकेतल्या चाचण्यांत १० मिलीग्रॅम घेणाऱ्या शंभरातल्या साधारण १४ जणांना पेंग आली आणि औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांतही सहा जणांना आली. मी त्या चौदातली. मी मुद्रितशोधनाचं काम करते. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल माझ्याकडे होता, दुसऱ्या दिवशी छपाई, आणि नाक असं वाहत होतं की प्रुफावर थेंब पडत होते. सकाळी दहाला गोळी घेतली. शिंका अकराला थांबल्या. त्या दुपारी मला झोप आली असं मला अजिबात वाटलं नाही. उलट डोकं शांत, हात संथ, ओळी कशा गुळगुळीत सरकत होत्या. अहवाल छापून आला. मुखपृष्ठावर, सोनेरी ठशात: 'पित्तीय वर्ष'. आतही तीन ठिकाणी. अध्यक्षांच्या मनोगतात 'पित्तीय शिस्त' पाळल्याबद्दल सभासदांचे आभार होते. ते काम त्यानंतर माझ्याकडे आलं नाही, आणि यायलाही नको होतं.

या गोळीचं मला सर्वांत फसवं वाटतं ते हेच. अविल झोपवते तेव्हा कळतं, माणूस आडवा होतो. ही झोपवत नाही, थोडंसं मंद करते, आणि मंद झालेल्या डोक्यालाच 'तू मंद झालायस का' असं विचारावं लागतं. तेव्हापासून मी ती रात्रीच घेते, आणि ज्या दिवशी नवीन कंपनीची किंवा नवीन प्रकारची गोळी असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढत नाही. सोबत दारू नको, झोपेची गोळी नको. दोन्ही एकमेकांना वर चढवतात. तासाभरात असर सुरू होतो, साधारण चोवीस तास टिकतो, म्हणून मोठ्या माणसाला दिवसातून एकदा १० मिलीग्रॅम पुरे. सकाळी घेऊन दुपारी शिंक आली म्हणून दुसरी घेण्यात अर्थ नसतो. शिंक थांबत नाही, पेंग तेवढी वाढते. महिनोन्‌महिने उठणाऱ्या पित्तावर त्वचेचे डॉक्टर डोस वाढवतात, पार चौपटीपर्यंत, पण ते त्यांच्या नजरेखाली. तिचा बराचसा भाग न बदलता लघवीतून बाहेर जातो, म्हणून मूत्रपिंडं थकलेल्या माणसाला निम्मीच, तीही विचारून. हे वाक्य मी पट्टीबरोबरच्या कागदात कितीदा वाचलं असेल. अण्णांच्या रक्ततपासणीतलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं किती थकलीत ते सांगणारं माप, मला पाठ होतं. दोन्ही गोष्टी डोक्यात शेजारी शेजारी होत्या आणि कधी भेटल्या नाहीत.

ज्यांना सेट्रिझिननं फार झोप येते त्यांना डॉक्टर फेक्सोफेनाडिन देतात. तिचा इतिहासही असाच वारसाहक्काचा, पण काळजात धस्स करणारा. टर्फेनाडिन नावाची गोळी, झोप न आणणारी म्हणून १९८०च्या दशकात जगभर गाजलेली. बुरशीवरचं कीटोकोनाझोल किंवा एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक यांच्या बरोबर ती पोटात गेली की यकृताचं काम अडायचं, ती रक्तात साचायची आणि हृदयाचे ठोके बिघडायचे. माणसं दगावली. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ती बाजारातून गेली आणि तिच्या जागी शरीरात तिचं जे रूप बनत असे ते, म्हणजे फेक्सोफेनाडिन, आलं. ही मात्र पाण्याबरोबरच घ्यायची. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर ती नीट शोषलीच जात नाही. एका मैत्रिणीनं दोन महिने ती नाश्त्याच्या ज्यूसबरोबर घेतली आणि 'महागाची, पण अगदीच बोगस' असा निकाल दिला.

आणि ती 'एम'वाली गोळी. लिव्होसेट्रिझिन म्हणजे सेट्रिझिनचाच उपयोगी अर्धा भाग, म्हणून ५ मिलीग्रॅम. तिच्यात माँटेलुकास्ट मिसळून जी गोळी मिळते ती हल्ली सेट्रिझिनची थोरली बहीण समजून घरोघरी घेतली जाते. माँटेलुकास्ट हे पूर्ण वेगळं औषध आहे, आणि वाईट स्वप्नं, चिडचिड, मन खचणं या त्रासांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० साली त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. मी ती दुकानदाराकडून 'जरा स्ट्राँग द्या' म्हणून घेतली होती. स्वप्नं पडली का ते आठवत नाही. विचारलंच नव्हतं स्वतःला.

मुलांचं लिहिताना माझा हात जड होतो. रात्रीच्या बसनं निघताना शेजारच्या सीटवरची आई बाटलीच्या झाकणात सिरप ओतते आणि दोन वर्षांच्या पोराला पाजते. "सर्दी आहे का?" विचारलं की हसते. "नाही हो, गप झोपेल." हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय. आणि हेही पाहिलंय की तेच सिरप काही मुलांना झोपवत नाही, उलट पेटवतं. मूल रात्रभर डोळे तारवटून नाचतं आणि आईला वाटतं कमी पडलं. २०२३च्या डिसेंबरात आपल्या केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं बाटलीवर छापायला सांगितलं. अण्णांच्या खिशातल्या पट्टीत होती तीच जोडी. घरातला चहाचा चमचा म्हणजे ५ मिलीलीटर नव्हे. एकात तीन मावतात, दुसऱ्यात सात. बाटलीबरोबर येणारं ते खुणांचं माप आपण पहिल्या दिवशी हरवतो.

देवरुखच्याच काजूच्या बागेत माझ्या मामेभावाला गांधीलमाशीनं मानेवर डंख मारला. गांधीलमाशी आणि गांधी, हे शब्द एकमेकांचे नातेवाईकच असावेत. अंगभर गांधी उठल्या, पाठोपाठ ओठ सुजले, मग आवाज घोगरा झाला आणि त्यानं उलटी केली. मामी धावत देवघरातून पट्टी घेऊन आली. तो ती गोळी चघळत ओट्यावर बसला होता, सगळे म्हणत होते, बस, उतरेल. शेजारचा रिक्षावाला, ज्यानं हे आधी कुठे तरी पाहिलं होतं, तो कुणाचंही न ऐकता त्याला उचलून घेऊन गेला. दवाखान्यात मांडीत ॲड्रेनालिनची सुई दिली, अर्धा मिलीग्रॅम, आणि पाच-सात मिनिटांत त्याचा श्वास मोकळा झाला. तिथल्या डॉक्टरीणबाई नंतर मामीला म्हणाल्या, "घसा सुजला, आवाज बदलला, चक्कर आली की गोळीचं काम संपलं. ती खाज थांबवते, जीव नाही वाचवत." मामीनं मान डोलावली. पट्टी अजून त्याच फळीवर आहे. अर्थात, रिक्षावाल्याचा नंबरही आता तिथेच भिंतीवर खडूनं लिहिलेला आहे.

अण्णा घरी आल्यावर मी माझी गोळी बंद करायचं ठरवलं. इतकी वर्षं, ऋतू असो नसो, रोज रात्री एक. कशासाठी, ते विचारायचंही मी सोडून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळहात खाजायला लागले. मग पाय, मग डोक्याची कातडी. गांधी एकही नाही, नुसती खाज. उशीच्या अभ्र्यावर तळवे घासत मी रात्री बसून काढल्या. मला वाटलं, बघा, केवढी ॲलर्जी होती आपल्याला, गोळीनं धरून ठेवली होती. गोळी घेतली, तासात थांबली. पुन्हा बंद, पुन्हा तेच. शेवटी डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी खाजेचं कारण ऐकवलं: गोळी सोडणं, हेच. बराच काळ रोज सेट्रिझिन किंवा लिव्होसेट्रिझिन घेऊन अचानक थांबवली तर थोड्या लोकांना अशी भयंकर खाज सुटते, आधी खाज नसली तरी. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२५च्या मे महिन्यात याबद्दल जाहीर इशारा दिला. डॉक्टरांनी मला हळूहळू उतरवलं: रोज निम्मी, मग एकाआड एक, मग दोन दिवसांनी. दीड महिना लागला. सकाळच्या सात शिंका परत आल्या. त्यांच्यासाठी नाकात मारायचा स्प्रे आहे. तो मेंदूला विचारत नाही आणि रोजच्या चोंदलेल्या नाकाला गोळीहून जास्त लागू पडतो. गोळी आता लग्नाच्या हॉलमध्ये, धुळीच्या प्रवासात, क्वचित. पट्टी चष्म्याच्या केसमधून कपाटात गेली, अण्णांच्या दवाखान्याच्या जुन्या फायलींशेजारी.

तीन महिन्यांनी अण्णांना तपासणीला नेलं. नळी कधीच निघाली होती, लघवीची धार 'पूर्वीपेक्षा बरी, तरुणपणीची नव्हे' अशी त्यांनी स्वतःच नोंद दिली. या वेळचे डॉक्टर वयानं मोठे होते. त्यांनी पेन उघडून विचारलं, "औषधं काय काय चालू आहेत?"

अण्णांनी खिशातून चौकोनी वही काढली, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. बीपीची. प्रोस्टेटची. मग "सर्दीची, बंद केली, पण होती, तारखा खाली दिल्यात." मग रात्रीचं इसबगोल, एक चमचा. गुडघ्याचं तेल, ते वरून. सकाळी भिजवलेली मेथी. मंगळवारी आणि शनिवारी शेजारच्या कुलकर्ण्यांनी दिलेली होमिओपॅथीची साखरेची गोळी, नाव विचारलं पण ते सांगत नाहीत. खोकला आला तर खडीसाखर आणि लवंग.

डॉक्टरांचं पेन मेथीपाशी थांबलं होतं. मी 'अण्णा, पुरे' म्हणणार तेवढ्यात ते मान वर न करता म्हणाले, "हं. पुढे?"

"च्यवनप्राश," अण्णा म्हणाले. "फक्त हिवाळ्यात. लिहिणार?"

"लिहितो," डॉक्टर म्हणाले. "साखर किती आहे तुमची?"